बर्फखान

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, पाच नंबरच्या गल्लीत, बीरानकुट्टीला कुणी मेकॅनिक म्हटलेलं खपत नसे. "मेकॅनिक पार्ट बदलतो. मी दुखणं ओळखतो," असं तो तोंडावर सांगायचा, आणि त्याला ते शोभायचंही. सत्तावीस वर्षांपूर्वी केरळातल्या तिरूरहून आलेला हा माणूस. ऑगस्टात पारा अठ्ठेचाळीसला टेकला की ज्यांच्या किमतीत तिरूरला दोन बंगले उठतील अशा जर्मन गाड्या त्याच्या दारात वाफा सोडत उभ्या राहायच्या. बीरान आधी कॉम्प्युटर लावायचा नाही. वरचा जाड रबरी पाइप मुठीत धरायचा, आत कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगायचा आणि पाइप मुठीत किती फुगतो त्यावरून पंप चालतोय की नाही ते सांगायचा. रेडिएटरवर वरून खाली तळहात फिरवायचा. मधेच गार पट्टा लागला, की तिथल्या नळ्या तुंबलेल्या. झाकण काढून आतून बोट फिरवायचा. बोटाला तेलकट साय लागली, म्हणजे इंजिनातलं तेल पाण्यात उतरलेलं असलं, तर मालकाला आधी खुर्ची द्यायचा, कारण ती बातमी उभ्याउभ्या ऐकण्यासारखी नसायची.

"माझ्याकडनं गेलेली गाडी उकळत परत येत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दोनदा तरी म्हणून व्हायचं.

आता त्याच्या दोन खोडी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यापायी घडलं. गाडी कुठल्याही कारणानं तापलेली असो, जाताजाता तो तिचा थर्मोस्टॅट काढून फेकायचा. इंजिन नीट गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा हा छोटासा पार्ट. "आपल्या उन्हात पाणी अडवायचं कशाला? दरवान काढला की दार सताड उघडं," असं त्याचं शास्त्र. आणि दुसरी खोड म्हणजे कूलंटऐवजी तो नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरायचा, वर गंज धरू नये म्हणून बाटलीतलं चमचाभर औषध. "ते हिरवं-गुलाबी सरबत गोऱ्या लोकांच्या देशात लागतं. इथं बर्फ पडतो तो फक्त ग्लासात." त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. थंड करायला नुसतं पाणीच सरस, हे कुणीही जाणता सांगेल. फक्त त्या सरबताचं दुसरंही एक काम असतं, आणि त्या कामाची गरज गल्लीत कुणाला कधी पडली नव्हती.

अबू सैफ या इथल्याच अरबाची गाडी त्याच्याकडे सहा वर्षांपूर्वी आली. मोठी, काळी, आठ सिलेंडरची जीप. एका चकचकीत काचेच्या वर्कशॉपनं तिचा रेडिएटर बदलला होता, पंप बदलला होता, पंखा बदलला होता, तरी गाडी उकळतच होती. बीराननं तळहात फिरवला, वाकून नाकानं हुंगलं आणि मालकाला विचारलं, "अरबाब, तुमचे उंट आहेत का?" होते. अबू सैफ रोज संध्याकाळी उंटांच्या वाड्यावर जायचा. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत उंटाचे केस आणि वाळू यांचा असा नमदा बसला होता, की वाऱ्याची झुळूक आत जाईना. बीराननं तो चिमट्यानं ओढून काढला आणि ओल्या गोधडीसारखा अबू सैफच्या पायाशी टाकला. गल्ली बघत राहिली. दुखणं तिथंच संपलं होतं. पण सवयीनं त्यानं थर्मोस्टॅटही काढला आणि पाणी भरलं.

पाणी भरताना समोरच्या गाळ्यातला रेडिएटर जोडणारा, ज्याला पठाण समजून गल्ली नुसतं खान म्हणायची, तो खांद्यावर जोडलेला रेडिएटर घेऊन आला होता. तो थांबला आणि म्हणाला, "बीरानइक्का, नुसतं पाणी नको. गाडीचा काय भरवसा, कुठंही जाईल. आमच्याकडं थंडीत पाणी लोखंड फोडतं."

दहा माणसं उभी होती, अबू सैफ उभा होता, आणि बीरान नुकताच जिंकलेला होता. तो म्हणाला, "अरबाब, जरा सावलीत या. खानाला ऑगस्टात बर्फ दिसायला लागलाय!"

हशा पिकला. दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियातल्या पोऱ्यानं चहा आणताना "बर्फखानाचा चहा" अशी हाळी दिली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. खानानं एकदा हटकून पाहिलं, "मी पठाणसुद्धा नाही. चित्रालचा आहे, पार वरच्या डोंगरातला." बीरान म्हणाला, "म्हणजे डबल बर्फ!" त्यानंतर खान त्याच्याशी बोलला नाही. सहा वर्षं दोघे आमनेसामने बसत. गळक्या रेडिएटरला डाग द्यायचा असला की बीरान तो दुसऱ्याच्या हाती पाठवायचा.

यंदाच्या जानेवारीत, एका गुरुवारी साडेचारला, फोनवर अबू सैफचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप. मागं वारा घोंघावत होता. "उस्ताद, आम्ही पोराबाळांसकट सौदीत तबूकच्या डोंगरात आलोय. आईला बर्फ बघायचा होता, रात्री पडणार म्हणतात. पण हीटर गार हवा सोडतोय. आई कुडकुडतीय. कुठलं बटण दाबू?"

बीराननं निरोप दोनदा ऐकला. दुखणं त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं. थर्मोस्टॅट नाही, म्हणजे असल्या थंडीत इंजिन तापणारच नाही, मग हीटर तापेल कशानं? शारजात सहा वर्षांत त्या गाडीचा हीटर कुणी लावलाच नव्हता. त्यानं लगेच उलटा निरोप धाडला, "काही नाही अरबाब, पंखा कमी ठेवा. आलात की बघू." आणि चहा मागवला.

चहा अर्धा झाला तेव्हा त्याच्या डोक्यात पाणी आलं.

ते डोक्यात आलं आणि जाईना. आत नुसतं पाणी आहे. रात्री गाडी बंद होणार. बर्फ पडणार. "आमच्याकडं थंडीत पाणी लोखंड फोडतं." पण खरंच फोडतं? किती थंडीत? किती वेळात? उकळत्या गाड्यांबद्दल जगातलं सगळं ठाऊक असलेल्या या माणसाला थंडीचा ओ की ठो कळत नव्हता. पाणी गोठताना त्यानं फ्रीजच्या ट्रेमध्येच पाहिलं होतं. तो एका गाडीखाली जाऊन आडवा पडला, कुणी बोलू नये म्हणून. फोन केला तर सांगावं लागणार, की तुमच्या गाडीत मी सहा वर्षं पाणी भरतोय आणि तुमचं दुखणं तर उंटाच्या केसांचं होतं. नाही केला तर कदाचित काहीच होणार नाही. लोखंड ते लोखंड. अशी स्वतःची समजूत घालत त्यानं दोन तास काढले. त्या दोन तासांची लाज त्याला पुढं गाडीपेक्षा जास्त वाटली.

सात वाजता तो उठला, हात पुसले आणि गल्ली ओलांडली. वीस पावलांची गल्ली. खान डाग देत बसला होता.

"एक विचारायचं होतं," बीरान म्हणाला.

खानानं वर पाहिलं नाही.

"इंजिनात नुसतं पाणी असलं आणि रात्रीत बर्फ पडला, तर?"

डाग द्यायचं हत्यार थांबलं. "कुणाची गाडी?"

"अबू सैफची. तबूकच्या डोंगरात. म्हातारी आई आहे बरोबर."

"तीच का? उंटवाली?" खान उभा राहिला. "तुला कळलं केव्हा?"

"साडेचारला."

"आणि आता सात वाजलेत. अडीच तास काय करत होतास, माशा मारत होतास? लाव फोन. इथंच लाव, माझ्यासमोर."

फोन लागला. बीराननं स्पीकर लावला आणि एका दमात सांगून टाकलं. थर्मोस्टॅट मी काढला, पाणी मी भरलं, कूलंटचा थेंब नाही. अरबाब, आत्ताच्या आत्ता डोंगर उतरा.



"मगरिबच्या नमाजाच्या सुमारास पोलिसांनी रस्ता बंद केला," अबू सैफ म्हणाला. "घाटात पाणी गोठायला लागलंय. भाऊ त्याची गाडी घेऊन सामान आणायला खाली गेला, तोही आता सकाळीच येईल. आम्ही इथं तंबूत आहोत. तू दुपारी मला म्हणालास, पंखा कमी ठेव."

"हो."

"तासभर आधी सांगितलं असतंस तर मी उतरलो असतो, बीरान."

खानानं त्याच्या हातून फोन घेतला. "अरबाब, सलाम अलैकुम. पेट्रोल किती आहे?"

"पाव टाकी."

"मग रात्रभर इंजिन चालू ठेवून भागायचं नाही. पाणी सोडून द्यायचं. आमच्याकडं जीपवाले रोज संध्याकाळी सोडतात आणि सकाळी भरतात. इंजिन बंद करा, हात ठेवता येईल इतकं निवू द्या. पण त्याहून जास्त थांबू नका. आधी हीटरचं बटण पूर्ण गरमकडे फिरवा, म्हणजे त्याच्या पोटातलंही उतरेल." मग तो बीरानकडे वळला, "कुठून सोडायचं? गाडी तुझ्या हातातली आहे."

मग दोघे एका फोनवर वाकले. अबू सैफनं आयुष्यात गाडीचं बॉनेट उघडलेलं नव्हतं. बीरान डोळे मिटून त्या गाडीच्या पोटात शिरला आणि एकेक गोष्ट सांगत गेला. पुढच्या डाव्या चाकाच्या आत, खाली, मनगटाएवढा पाइप. त्यावर तारेची क्लिप, तिला दोन कान. पकडीनं कान दाबा, क्लिप मागं सरकवा. आता पाइप हलवा. ओढू नका, आधी पिळा. अबू सैफ चिखलात उताणा पडून धापा टाकत होता. टॉर्च आईनं धरला होता. ती मधूनमधून "सावकाश, बाळा" म्हणत होती, ते इथं गल्लीत ऐकू येत होतं.

मग पाणी पडल्याचा आवाज आला. भसाभसा, पुष्कळ वेळ.

"रंग कसला आहे?" खानानं विचारलं.

"कसलाच नाही," अबू सैफ म्हणाला. "पाणी आहे."

बीराननं मान खाली घातली.

"थांबलं? आता इंजिन चालू करा, वीस मोजा, बंद करा. कोपऱ्याकापऱ्यातलं फेकून देईल. सकाळी भावाला चौदा लिटर कूलंट आणायला सांगा, तयार मिळतं ते, पाणी घातलेलं. आणि तंबूत आईला मधे झोपवा."

फोन बंद झाला. बीरान तिथंच उभा राहिला. खानानं हत्यार तापायला ठेवलं आणि म्हणाला, "जा आता. सगळं निघालंय की नाही ते सकाळीच कळेल. मलाही इथनं दिसत नाही."

ती रात्र बीराननं कशी काढली ते त्याचं त्याला माहीत. पहाटेच्या फजरच्या नमाजाआधीच तो कुलूप लागलेल्या गॅरेजपुढं येऊन बसला होता.

नवाच्या सुमारास फोन वाजला. तोवर खानाचा गाळाही उघडला होता.

"चालू झाली," अबू सैफ म्हणाला. आवाज कोरडा होता. "हीटरची एक नळी फुटली, ती भावानं बांधली. इंजिन धड आहे. रात्री तंबूवर वीतभर बर्फ पडला. आता ऐक. गाडी घेऊन मी येतो. पण यापुढं तू एकट्यानं तिला हात लावायचा नाहीस. तो खान आधी बघेल, मग तू. कबूल?"

"कबूल, अरबाब."

"थांब, आईला बोलायचंय."

म्हातारीचा आवाज आनंदानं कापत होता. बर्फ हातात घेतला होता, म्हणाली, नातवंडांनी तो तिच्या कपाळाला लावला. मग म्हणाली, "बाळा, काल तुझ्याबरोबर जो दुसरा माणूस बोलत होता, त्याचं नाव सांग. मला त्याच्यासाठी दुवा मागायचीय. नावाशिवाय कशी मागू?"

बीराननं तोंड उघडलं. तोंडात एकच नाव होतं. सहा वर्षं तेच होतं, आणि ते त्याच्याच थट्टेतनं निघालेलं होतं. दुसरं नाव कधी कानावर पडलं होतं का, हे त्यानं आठवून पाहिलं. आठवेना. खानाच्या पाटीवर नाव नव्हतं, नुसतं "रेडिएटर" लिहिलेलं होतं.

"आई, एक मिनिट," असं म्हणून तो फोन हातात धरून गल्ली ओलांडून गेला.

"भाई," तो म्हणाला. हा शब्दही नवाच होता. "अबू सैफची आई विचारतीय. तुझं नाव काय?"

खान जाळीतला कचरा ब्रशनं काढत होता. त्यानं हात थांबवला नाही.

"तूच ठेवलंयस की. तेच सांग."

फोनमधून म्हातारी "हॅलो, हॅलो, बाळा" करत होती. त्याला रडू आलं, आणि भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत, त्यानं ते आवरलंही नाही. त्यानं नुसता फोन पुढं धरला.

खानानं ब्रश ठेवला, हात पँटला पुसले आणि फोन घेतला.

"मुरसलीन," तो म्हणाला. "आई, माझं नाव मुरसलीन."