फक्कीचं वर्तुळ

काल जयपूरच्या वैशाली नगरात नातीच्या शाळेच्या मैदानावर खेळांसाठी फक्की मारत होते. चुन्याचा तो वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं.

पुराच्या त्या वर्षी जयपूरबाहेरच्या अशाच एका शाळेत आमच्या बचाव हेलिकॉप्टरचा तात्पुरता तळ होता. बुडालेल्या घराच्या छपरावरून दोरानं वर घेतलेली एक म्हातारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून कुडकुडत होती. आम्ही मैदानावर उतरणार, तेवढ्यात रेडिओवर एक अधिकारी ओरडला, "यहाँ मत उतारिए! मंत्रीजी के लिए चूना डाला है, सब उड़ जाएगा!"

आमच्या वैमानिकानं "जी" म्हणून हेलिकॉप्टर वळवलं. मीही मान डोलावली. बाजरीच्या शेतात उतरून आम्ही तिला खाटेवर घालून गुडघाभर चिखलातून शाळेत आणलं. ती सारखी विचारत होती, "बेटा, वहाँ तो सूखा था ना?"

मंत्री आलेच नाहीत. संध्याकाळी त्यांच्या हेलिकॉप्टरसाठी आखलेलं ते पांढरं वर्तुळ जसंच्या तसं होतं. त्या अधिकाऱ्याचा राग मला अजून येतो. पण "जी" तर आम्हीच म्हटलं होतं.