टेबलाखालच्या बाई

दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला ‘बाई’ म्हणत, कारण पूर्वी ती शाळेत शिकवायची. आता तिचं काम एका टीव्ही मालिकेच्या सेटवर, टेबलाखाली होतं. जेवणाच्या मोठ्या टेबलावर जमिनीपर्यंत कापड सोडलेलं. त्याच्या आत एक उशी, एक छोटा दिवा आणि संवादांचे कागद. बाई तिथे बसून बोलायची आणि वर बसलेला मुलगा तेच मोठ्याने म्हणायचा.

मालिका रोज रात्री लागायची. विनोदी होती. एक अफाट हुशार पोरगा आणि त्याचं विस्कटलेलं घर: बाप नोकऱ्या सोडणारा, आई ताटं आपटणारी, काका उधारीवर जगणारा. पोरगा सगळ्यांना तर्काने गप्प करायचा. त्याचे संवाद लांबलचक, गणिताने भरलेले. प्रत्यक्षातल्या पोराला आठाचा पाढा येत नव्हता. सेटवर त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्याच्यात एकच गुण होता. कानातल्या दाण्याएवढ्या यंत्रातून जे येईल ते तो विचार न करता, अचूक हेल काढून बोलायचा. निवडीच्या वेळी दिग्दर्शक म्हणाला होता, “याच्या डोक्यात काही नाही, म्हणूनच सगळं मावतं.”

बाईच्या हातात माइक असे. बोलताना त्याची कळ दाबून धरायची. दिवसभर दाबून अंगठा सुजायचा, म्हणून तिने कळीवर रबरबँड चढवला होता. माइक कायम चालू. बाई एरवी कामापुरतंच बोलायची, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या सोमवारी सकाळपासून धाकट्या भावाचे फोन येत होते. सेटवर फोन आणायला बंदी होती. बाईचा उशीखाली थरथरत होता. विषय तिला माहीत होता. तिच्या वडिलांना, अण्णांना, शनिवारी वृद्धाश्रमात हलवायचं होतं. घराला कुलूप लागणार होतं. त्याआधी अण्णांना लेकीला एकदा त्या घरात बघायचं होतं. नवऱ्याला सोडून ती याच घरी आली होती, तेव्हा अण्णांनी दार उघडलं नव्हतं. त्यानंतर ती तिथे गेली नाही. भावाने आठवडाभर विचारलं, तिने आठवडाभर टाळलं. शेवटी त्याचा निरोप आला: आज हो किंवा नाही सांग.

वर मालिकेतल्या आईचं लांबलचक भाषण चालू होतं. पोराला बक्षीस मिळालं होतं, समारंभाला कोण कोण जाणार यावर भांडण. प्रोफेसरला पानभर काही बोलायचं नव्हतं. बाईने फोन कानाला लावला.

“ताई, काय ठरलं?” भाऊ म्हणाला.

“मला जमणार नाही,” बाई कुजबुजली. “तुमचं तुम्ही बघा. दार त्यांनीच लावलं होतं.”

वरून तेच शब्द खणखणीत आले. “मला जमणार नाही. तुमचं तुम्ही बघा. दार त्यांनीच लावलं होतं.”

आईचं भाषण तुटलं. मालिकेतला बाप मुरलेला नट होता, त्याने चमचा खाली ठेवून विचारलं, “कुणी रे? कुणी लावलं दार?”

बाईने फोन बंद केला होता. कानात काही आलं नाही, म्हणून प्रोफेसर बापाकडे बघत राहिला. दिग्दर्शकाने बराच वेळ कॅमेरा थांबवला नाही.

“कुणी लिहिलं हे?” त्याने नंतर विचारलं. लेखक घसा खाकरून म्हणाला, “सुचलं आयत्या वेळी.” बाईने रबरबँड काढून खिशात टाकला.

दुपारी ती संकलकाच्या खोलीत गेली. हा भाग गुरुवारी दाखवायचा होता, आणि अण्णा मालिका चुकवत नसत. पोरगा बोलतो ते टेबलाखालून लेक सांगते, हे भावाने त्यांना सांगून ठेवलं होतं.

“ते दाराचं वाक्य काढता येईल?”

“का बरं?”

फोनचं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. “बरं नाही वाटत,” ती म्हणाली.

“बाई, या भागात तेवढंच तर बरं आहे. बाकी सगळा पाचोळा.” त्याने यंत्राकडे वळून ‘तुमचं तुम्ही बघा’च्या मागे साठवणीतला ध्वनिमुद्रित हशा टाकला. पहिला पातळ वाटला, म्हणून काढून मोठा टाकला. बाई ते बघत उभी होती. जाताना तिने व्यवस्थापकाकडे शनिवारची सुट्टी मागितली. कारण विचारलं तेव्हा ‘घरगुती’ म्हणाली.

गुरुवारी मालिका संपल्यावर भावाचा फोन आला.

“अण्णांनी पाहिलं.”

“काय म्हणाले?”

“लोक हसले ना, तेव्हा म्हणाले, आवाज बारीक कर. मग म्हणाले, पोरगं बरोबर बोललं, दार मीच लावलं होतं. तिला म्हणावं येऊ नकोस, उगाच त्रास.” त्याने विचारलं, “तुझंच वाक्य होतं ना ते? फोनवरचं?”

“हो.”

“कमाल आहे तुम्हा दोघांची! तोंडाने बोलायचं नाही, टीव्हीतून बोलायचं.” तो हसायला गेला, पण जमलं नाही. “ताई, खरं सांग. येणार होतीस?”

“सुट्टी टाकली होती.”

“अगं मग ये ना! ते म्हणतात, म्हणून काय झालं? ते आयुष्यभर असलंच बोलत आले.”

“नको म्हणालेत ना.”

“तू पण त्यांचीच.”

“बरं,” बाई म्हणाली, आणि मालिकेनंतरच्या बातम्या लागल्या होत्या त्या तिने बंद केल्या.

सुट्टी रद्द करता आली असती. पण मग कारण सांगावं लागलं असतं. शनिवारी बाई घरीच होती. तिने पडदे धुतले, वाळत घातले. दुपारी भावाचा निरोप आला: अण्णा पोचले, खोली हवेशीर आहे. तिने ‘ठीक’ असं उत्तर पाठवलं आणि पडदे वाळलेत का ते बघायला गेली.