हिर्डोशीच्या बहिणीला कोण सांगणार

"म्हंजी माज्यातनंच गेलं त्येच्यात," ताराबाई म्हणाल्या.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये जेनेटिक काउन्सेलर आहे. आनुवंशिक तपासणीत काय निघालं ते घरच्यांना समजावणं, हे माझं काम. ताराबाई पासली गावच्या. त्यांचा थोरला मुलगा सागर ऐन पंचविशीत कोरोनाने गेला. ना दमा, ना शुगर. म्हणून त्याचं रक्त तपासलं, मग घरच्यांचं.

व्हायरस शिरल्याची वर्दी शरीराला देणारा एक जीन असतो. सागरचा तोच बिघडलेला होता. बाईकडे त्याची दुसरी, चांगली प्रत असते, म्हणून तिला सहसा त्रास होत नाही. मुलाकडे एकच असते, आईकडून आलेली. बिघाड ताराबाईंमध्ये होता. धाकट्या महेशमध्येही.

"यात तुमचा दोष नाही," मी म्हटलं. "महेशला लस द्या. ताप आला की लगेच इथे आणा. तुम्हाला बहीण आहे?"

"हाय, हिर्डोशीला. दोन पोरं हायती तिला."

"तिलाही सांगावं लागेल."

"थोरल्याचं लगीन ठरतंय तिच्या. तुमीच फोन करा की."

मी आमच्या विभागप्रमुखांना विचारलं.

"आपण परस्पर फोन करत नाही," ते म्हणाले. "त्यांनी सांगायचं. बहीण आली तर आपण बोलू."

ताराबाई हिर्डोशीला जाऊन आल्या. नंतर फोनवर म्हणाल्या, "बहीन म्हनली, तुजं पोर गेलं म्हनून माज्या पोरांच्या वाईटावर उठलीस व्हय. पानीसुदीक इचारलं न्हाई."

"पुन्हा एकदा जाता का?"

"न्हाई जायाची आता."

तपासणीला कोणी आलं नाही. कोरोनाच्या पुढच्या लाटेत महेशला ताप आला. त्याला लगेच आणलं, उपचार झाले, तो घरी गेला. हिर्डोशीच्या थोरल्या भाच्याचा ताप मात्र घरीच अंगावर काढला गेला. त्याला आणलं तेव्हा धाप थांबत नव्हती. ताराबाई आयसीयूबाहेर बहिणीशेजारी बसून राहिल्या. तो गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तपासणीत तोच बिघाड निघाला.

"आक्का, तू पुन्यांदा का न्हाई आलीस सांगायला?" बहिणीने विचारलं.

ताराबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर विभागात ठरलं, घरच्यांची परवानगी असेल तर नातेवाइकांना आम्हीच फोन करायचा. बरेच जण तरीही येत नाहीत. काही जण फोनवरच तोडून बोलतात. पण रागावतात ते माझ्यावर, बहिणीवर नाही.