काय उजेड पाडलास?

आमच्या आबांचा एक ठरलेला प्रश्न होता. बारावीचे मार्क आले, काय उजेड पाडलास? नोकरी लागली, आता तिथं जाऊन काय उजेड पाडणार? कर्जतला भिसेगावातल्या आमच्या घरात मी हे इतकं ऐकलंय, की पुण्याच्या प्रयोगशाळेत खरोखरच उजेड पाडायचं काम मिळालं तेव्हा मला आधी हसू आलं.

काम असं. मूत्राशयाने कधी आवळायचं आणि कधी सैल सोडायचं, हा निरोप त्याच्याकडे शिरांमधून, म्हणजे मज्जातंतूंमधून, जातो. आम्ही उंदराच्या त्या शिरेवर केसाएवढ्या काचेच्या तारेतून निळा उजेड टाकतो. उजेड पडला की मूत्राशय आवळतं. एका सुट्टीत मी हे घरी सांगितलं. आई भिजवलेले वाल सोलत होती. "उंदराचं मुतणं बघायला एवढी शिकलीस व्हय गं?" म्हणून तिने विषय मिटवला. आबा मात्र एकही टोमणा न मारता ऐकत बसले. मला वाटलं, चला, एकदाची किंमत कळली.

त्यांना कळलं होतं ते वेगळंच. आबांची साखर जुनी. तिने त्यांच्या मूत्राशयाच्या शिरा निकामी करत आणल्या होत्या. लघवी आतच साचून राहायची आणि गड्याने घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पुढे ताप भरून पडले, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की रोज वेळच्या वेळी स्वतःच्या हाताने बारीक नळी घालून लघवी काढायची, नाहीतर मूत्रपिंडं जातील. नर्स शिकवायला तयार होती. आबा म्हणाले, "नळीबिळी नको. माजी पोर त्याच कामात हाय."

मला हे आईच्या फोनवरून कळलं. "तुजा बाप आयकत नाय. दुपारभर पोटाला दिवा लावून बसतो. तूच सांगितलंस म्हणं."

मी कुठला दिवा सांगितला? शनिवारी घरी गेले, तर पडवीत खुर्चीवर आबा, सदरा वर गुंडाळलेला, आणि समोर कंबरदुखीला शेक द्यायचा लाल दिवा. खोपोलीच्या दुकानातून आणला होता.

"मंत्री झालात वाटतं. लाल दिवा मिळाला," मी म्हटलं.

ते हसले. मग मला ओटीपोटावरचा फोड दिसला. चांगला टपोरा, पाण्याने भरलेला.

"दुखत नाही?"

"नाय गं. तितं कायच लागत नाय."

साखरेने तिथली कातडीही बधिर केली होती. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी दिव्याची पिन उपटली.

"हा तो उजेड नाही, आबा."

"मंग निळा आणू?"

"रंगाचं नाही हो. उंदराच्या शिरेला आधी डोळे द्यावे लागतात. तळ्यातल्या शेवाळाला उजेड कळतो. तो गुण आम्ही त्या शिरेत घालतो, मग तिला उजेड दिसतो. तुमची शीर आंधळी आहे. तिच्यापुढे सूर्य आणून ठेवला तरी ती हलायची नाही."

"मंग घाल की तो गुण."

"हे अजून उंदरांपुरतंच आहे. माणसाला द्यायला फार वेळ लागेल, आणि तुमच्या मूत्रपिंडांना तेवढा वेळ नाही."

आबांनी सदरा खाली केला. "मी समद्यांना सांगून बसलो," ते म्हणाले. "माजी पोर मला बरं करनार. आता नळी लावली तर लोक तुलाच हसतील गं."

म्हणजे नळी नको होती ती माझ्यासाठी. मला रडू आवरेना. "हसू देत," मी म्हटलं. "मला बाप पाहिजे."

फोड दाखवायला त्यांना दवाखान्यात नेलं, तिथेच नर्सने नळी घालायला शिकवली. घरी आल्यावर स्वतःच्या हाताने करायची वेळ आली. आबा न्हाणीघरात गेले, कडी लावली, आणि थोड्या वेळाने आतून ओरडले, "काय दिसत नाय गं!"

दिसणार कसं? बिल वाचवायला तिथे झिरोचा बल्ब त्यांनीच लावला होता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठा बल्ब आणला, स्टुलावर चढून बसवला आणि बाहेर आले. कडी पुन्हा लागली. आई आणि मी पडवीत बसलो. मग बादलीत धार पडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला. आईने डोळ्याला पदर लावला.

आबा हात पुसत बाहेर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाडलास गं उजेड."