तबकडीतला मुलगा

अब्बांच्या ऑफिसातला इंग्रज साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याने एक ग्रामोफोन आणि एकच तबकडी आमच्या गळ्यात मारली. टेलिव्हिजनवरच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमातली गाणी होती त्यात. साठचं दशक सरत आलं होतं, तरी दुबईतल्या देरा भागातल्या आमच्या गल्लीत टेलिव्हिजन कुणी पाहिलेला नव्हता. म्हणजे नवरी ठरायच्या आधीच वरात दारात!

कव्हरवर शेत, एक गिटारवाला आणि चारपाच बाहुले होते. आमची खोली एकच, नमाजही तिथेच, आणि नमाजाच्या जागी चेहऱ्यांची चित्रं चालत नाहीत. म्हणून अम्माने गिटारवाल्यासकट सगळ्यांचे डोळे शाईने बुजवले आणि मगच कव्हर कपाटावर ठेवू दिलं.

गाणी गोऱ्यांच्या खेड्यातली, बँजो टणटण वाजायचा. मधेच एका लहान मुलाचा आवाज घरची वाट विचारत गायचा. अम्माला इंग्रजीचा गंध नव्हता. मी अर्थ सांगितला तशी ती म्हणाली, "अगं, हा तर आपला धाकटाच!"

धाकटा रत्नागिरीकडे, गावी होता. परदेशी निघताना एक पोर दादीच्या सोबतीला ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. ठेवला तेव्हा तो नुकता बोलायला लागला होता. अब्बा म्हणायचे, "आणू की, इन्शाल्ला." हे इन्शाल्ला चार वर्षं चाललं. आठवलं की मला अजून राग येतो.

फोनबिन काही नव्हतं. अम्माला त्याचा आवाज हवा होता, तो तिने तबकडीत शोधला. दुपारची भांडी झाली की तेच गाणं. सुई उचलून पुन्हा तिथेच. मी वैतागून म्हणायचे, "इनफ, अम्मा!" ती हसायची. "गप गं. बोलू दे त्याला."

पुढे शेजारच्या सिंधी काकींकडे टेलिव्हिजन आला आणि एका शुक्रवारी त्यावर नेमका तोच कार्यक्रम लागला. अम्मा पिठाचे हात तसेच घेऊन धावली. गाणं सुरू झालं आणि पडद्यावर एक चिंध्यांचं पोर आलं. बटणांचे डोळे, तोंड उघडतंय, मिटतंय. अम्मा बघतच राहिली. काकी म्हणाल्या, "भाभी, अंदर आदमी का हाथ होता है."

घरी आल्यावर अम्मा अब्बांसमोर उभी राहिली. "चिंध्यांच्या पोरालासुद्धा कुणीतरी हातात धरलंय. माझं मला आणून द्या. खलास." त्या दिवशी अब्बा इन्शाल्ला म्हणाले नाहीत. मुंबईला कुणाला तरी निरोप धाडला.

पावसाळा संपल्यावर पहिल्याच आगबोटीने धाकटा आला. खाडीच्या धक्क्यावर, त्याला घेऊन आलेल्या चाचांच्या पाठीमागे लपून उभा. उंच झाला होता, पुढचे दात पडलेले. अम्मा त्याच्यासमोर खाली बसली. "बोल ना रे बाळा."

"मला दादीकडे जायचंय," तो म्हणाला. आवाज चांगलाच भसाडा, थेट आमच्या चाचांसारखा. अम्माने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला.

संध्याकाळी तो रडून रडून झोपी गेला. अम्माला बरं वाटावं म्हणून मी ग्रामोफोन लावला. बँजो टणटणला, तो मुलगा गाऊ लागला. अम्मा धाकट्याच्या उशाशी बसली होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"बंद कर गं ते," ती म्हणाली. "कुणाचं पोर आहे, कुणास ठाऊक."