शिकेकाईने न्हालेली लोकर

नवऱ्याचा स्वेटर मी वॉशिंग मशीनमध्ये टाकला, तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं. दिवाळीची साफसफाई चालली होती, स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि मशीनवर गरम पाण्याचं एक बटण होतं, जे मी कधी दाबलं नव्हतं. पाऊण तासाने जे बाहेर आलं, ते पहिलीतल्या मुलाला जेमतेम बसलं असतं.

स्वेटर साधासुधा नव्हता. सासूबाईंनी रावपुऱ्याच्या घरी स्वतः लोकर कातून तो विणला होता. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. बडोद्यात थंडी मोजून पंधरा दिवस, पण त्या पंधरा दिवसांत नवरा दुसरं काही अंगात घालत नसे. तो इवलासा स्वेटर दोन्ही हातांत धरून मी त्याच्यापुढे उभी राहिले. त्याने पाहिलं, नीट घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाला, "असू दे."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली आमच्या. त्याने आरडाओरडा केला असता तर मी दुप्पट केला असता आणि विषय मिटला असता. पण "असू दे"ला काय उत्तर देणार? चार दिवस घरात "चहा", "पेपर" आणि "असू दे" एवढीच भाषा उरली. मला खरंच वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. पाचव्या दिवशी मी जाहीर केलं, की तस्साच स्वेटर मी घरी करीन, पार मेंढीच्या अंगावरून तुमच्या अंगावर. त्यावरही तो "असू दे"च म्हणाला.

दुकानात लोकर मिळते, मला माहीत आहे. रावपुऱ्यात जाऊन बघून आले होते. गुलाबी, पोपटी, गुळगुळीत. तिला लोकर म्हणणं म्हणजे मेंढीचा अपमान.

आमच्या वासणा भागातल्या सोसायटीत दूध घालणाऱ्या भरवाड गवळ्याच्या मामाची मेंढरं करजणकडे असतात. त्याने पोतं भरून लोकर आणून दिली आणि विचारलं, "बेन, आनुं शुं करशो?" मी म्हटलं, "स्वेटर." तो इतका हसला की दुधाचं माप चुकलं. माझ्या बाजूने चुकलं, म्हणून मी बोलले नाही.

लोकर पांढरी असते हा माझा गैरसमज पोतं उघडताच दूर झाला. माती, लेंड्या, गोखरूचे काटे, आणि वास तर विचारू नका. खालच्या मजल्यावरच्या बेन जिना चढून आल्या. "कंई मरी गयुं छे?"

"ना, हजी नहीं," मी नवऱ्याकडे बघत म्हणाले. अजून तरी कुणी मेलं नव्हतं.

आता धुणं. मशीनला हात लावायचा नाही, एवढी अक्कल आली होती. मी विचार केला, लोकर म्हणजे शेवटी केसच. आणि केस कसे धुवायचे हे मला कुणी शिकवायला नको. दोन मुलांना दर दिवाळीला पहाटे अभ्यंगस्नान घातलेली बाई मी. शिकेकाई उकळली, कढत पाण्याची बादली भरली, पाट मांडला आणि लोकर अशी घासली, अशी घासली की विचारायची सोय नाही. मुलं निदान "आई, भाजतंय" म्हणून ओरडायची. लोकर बिचारी मुकाट्याने आवळत गेली. शेवटी हातात आला एक गच्च गठ्ठा. ओढून सुटेना, कात्रीने कापेना.

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. गरम पाणी आणि घुसळण, मशीनने जे केलं तेच मी पाटावर बसून केलं होतं, वर शिकेकाई घालून. नवऱ्याने गठ्ठा दाबून पाहिला आणि वॉशिंग मशीनच्या डगमगणाऱ्या पायाखाली सरकवला. "बसला बरोबर," म्हणाला.

दुसऱ्या पोत्याबरोबर दूधवाल्याची आई स्वतःच आली, बहुधा असली बाई असते कशी ते बघायला. "ऊन तो पलाळवानुं होय, चोळवानुं नहीं," म्हणाली. लोकर चोळायची नाही, कोमट पाण्यात नुसती भिजवायची आणि हात आवरायचा. मग तिने कमरेची जाड लाकडी टकळी काढून मला कातायला शिकवलं. तिचा धागा सरळ उतरायचा. माझा आधी शेवयांसारखा बारीक, मग दोरखंडासारखा जाड, मग तट्‌कन तुटायचा. दहाव्यांदा तुटल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बेन, तमारा हाथमां रीस छे."

हातात राग आहे म्हणे! मी दोन दिवस टकळीला शिवले नाही.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर नवरा क्रिकेट बघत बसलेला, मांडीवर लोकर, आणि एकेक काटा वेचून वाटीत टाकतोय. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईला मीच निवडून द्यायचो."

मी तिथेच खाली बसले. इतके दिवस मी बटणाला, मशीन विकणाऱ्याला, डांबराच्या गोळ्यांना, सगळ्यांना दोष देऊन झाले होते. म्हटलं, "अहो, चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

त्याने निवडलेली लोकर तेवढी माझ्याकडे सरकवली. त्या दिवशी धागा दोनदाच तुटला.

कातून, विणून स्वेटर पुरा झाला तेव्हा होळी होऊन गेली होती. पुरा म्हणजे काय, लोकर संपल्यामुळे बाह्या नव्हत्या. भर दुपारी त्याने तो घातला. मी बघत होते. त्याने मान वळवली, खाजवली.

"टोचतोय."

चार महिने! "मग काढा!" मी ओरडले.

"आईचाही टोचायचा. आत सदरा घालायचो मी. तिला कधी सांगता नाही आलं."

आणि मग जो सुरू झाला! गळा घट्ट आहे, डावा खांदा वर चढलाय, पाठीला मेंढी बसल्यासारखं वाटतंय, इथे एक काटा राहिलाय, तुला म्हटलं होतं नीट बघ. घामाने निथळत, खाजवत, न काढता, तो पाऊण तास कुरकुरत होता. मी पंखा लावला आणि समोर बसून सगळं ऐकलं. एकदाही "असू दे" म्हणाला नाही.