गणपतचं ब्लडप्रेशर

साठ-एकसष्टच्या सुमारास यवतमाळच्या कॉलेजात आमच्या काळे सरांनी बीएस्सीला एक नवाच पेपर सुरू केला. शरीराचं आणि डॉक्टरकीचं फिजिक्स! विद्यार्थी आम्ही पाच. पण किस्से इतके साठले की अजूनही दोघं भेटलो तर तिसऱ्याला बोलायला मिळत नाही.

* * *

सरांनी फळ्यावर वाकलेला माणूस काढला. ओझं उचलताना कमरेवर किती पट जोर येतो ते मांडलं आणि ऐटीत विचारलं, "आता सांगा, पाण्याचा हंडा उचलताना आईच्या कमरेवर किती जोर?"

पुसदकडच्या तांड्यावरचा राठोड उठला. "माय वाकतच नाही सर. आमी दोघं भाऊ हंडा तिच्या डोक्यावर ठेवून देतो!"

सरांनी माणूस पुसून हंडेवाली बाई काढली. चित्र भयंकर होतं, गणित मात्र बरोबर आलं.

* * *

स्नायूला करंट देऊन बघायचा म्हणून सरांनी ऐन मे महिन्यात लॅब-अटेंडंट गणपतला बेडूक आणायला पिटाळलं. दुपारी तो रिकामी बादली घेऊन परत.

"सर, इथं माणसाले प्याले पाणी नाही. बेडूक कायले थांबते?"

* * *

ब्लडप्रेशरचं मशीन एका ओळखीच्या डॉक्टरांनी दिलं होतं. दंड मात्र कायम गणपतचाच! वर्षभर रीडिंग एकच, एकशेवीस-ऐंशी. गणपत घरी सांगायचा, "बीएस्सीचा पेपर माह्या हातावर चालून राह्यला!"

बायको म्हणाली, "मंग त्याच हातानं पाणी भरा."

* * *

प्रॅक्टिकलला नागपूरहून परीक्षक आले. त्यांचा शेरा वाईट पडला तर पेपर बंद होणार होता. सरांचा चेहरा पांढराफटक. मला तर त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आम्ही चौघांनी सवयीप्रमाणे एकशेवीस-ऐंशी लिहिलं. खरं सांगायचं तर मशीनकडे कोणी नीट पाहिलंच नाही. राठोडनं लिहिलं, एकशेऐंशी-शंभर!

परीक्षकांनी स्वतः गणपतच्या दंडाला पट्टा बांधला. रीडिंग राठोडचं बरोबर!

"मग हे चौघं?" परीक्षकांचा आवाज चढला. सरांनी डोळेच मिटले.

राठोड म्हणाला, "सर, गणपतचं रोजचं तेच असते. आज तो तुमाले भेऊन राह्यला. तुमी जरा बाहेर उभे राहा, मंग पाहा."

परीक्षक चक्क व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. गणपत पाणी प्यायला, पाच मिनिटं शांत बसला. राठोडनं पुन्हा मोजलं आणि ओरडला, "एकशेचोवीस!"

"येऊ का आत?" परीक्षकांनी दारातून विचारलं.

गणपत खुर्चीतूनच म्हणाला, "या सर. पण पयले सांगा, आमच्या सरांचा पेपर ठेवता का बंद करता?"

परीक्षक उंबऱ्यावरच थांबले.

कानात नळ्या घातलेला राठोड घाईघाईनं म्हणाला, "सर, लवकर सांगा! याचे ठोके मोजणं होऊन नाही राह्यलं!"